बाटली फेकण्याआधी वाचा : केळीच्या टिश्यू कल्चरमधलं इन्फेक्शन

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात टिश्यूची, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत वाढवलेल्या रोपांची केळी आता कुणाला नवी नाही. मृगबाग असो की कांदेबाग, शेतकरी जी-नाईन या वाणाची रोपं आधीच नोंदवून ठेवतो. ही रोपं जिथे तयार होतात त्या लॅबमध्ये दरवर्षी नवी मुलं-मुली कामाला लागतात. कुणी बायोटेकचं, कुणी ॲग्रीचं, कुणी नुसतं बारावी झालेलं. पहिल्या आठवड्यात त्यांना ब्लेड धरायला, गुच्छ कापायला, झाकण लावायला शिकवतात. बाटली खराब झाली तर काय, याचं उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी "बाहेर काढून ठेव" एवढंच मिळतं.

खराब बाटली बाहेर काढायचीच आहे. पण ती कुठल्या रॅकवर होती, कुणी भरली, कितव्या दिवशी बिघडली, डाग बाटलीत नेमका कुठे आहे, हे न बघता ती ट्रॉलीवर टाकली तर उद्या तशाच आणखी बाटल्या काढाव्या लागणार. जंतूचं शास्त्रीय नाव कळलं नाही तरी चालतं. तो आला कुठून हे कळलं पाहिजे, आणि ते सांगणारी वस्तू लॅबमध्ये एकच असते : ती खराब बाटली.

आधी खात्री : हे इन्फेक्शन आहे का?

नवीन माणूस दोन प्रकारे चुकतो. एकतर खराब बाटली पुढे जाऊ देतो, नाहीतर घाबरून चांगल्या बाटल्या काढतो. दुसऱ्या चुकीची फारशी चर्चा होत नाही, पण तीही महागच पडते.

केळीत सगळ्यात जास्त फसवतो तो काळेपणा. मुनव्याचा (केळीच्या बुडाशी फुटलेल्या पिल्लाचा) गाभा कापून मीडियात (आगारने घट्ट केलेल्या रोपाच्या खाद्यात) ठेवला की कापलेल्या जागेतून फिनॉल नावाची द्रव्यं बाहेर पडतात, हवेशी संयोग होऊन काळे-तपकिरी होतात, आणि गाभ्याभोवतीचा मीडिया जांभळट काळा दिसायला लागतो. हे इन्फेक्शन नाही. रंग मीडियात विरत जातो, त्याला कडा नसते, उंचवटा नसतो, वर काही वाढत नाही. गाभा लवकर ताज्या मीडियात हलवला आणि मीडियात ॲस्कॉर्बिक किंवा सायट्रिक ॲसिड असलं तर हा त्रास कमी होतो.

दुसरी फसवणूक रूटिंगच्या (मुळं फुटवण्याच्या टप्प्याच्या) बाटलीत होते. केळीच्या कोवळ्या मुळांवर बारीक पांढरी लव असते. ती मूळरोमांची असते, पण मीडियाच्या वर आलेल्या मुळावर ती बुरशीसारखीच दिसते. भिंगातून पाहा. मूळरोम मुळाला काटकोनात आणि साधारण एकाच लांबीचे असतात, आणि मूळ सोडून मीडियावर पसरत नाहीत. बुरशीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि मूळ सोडून पुढे चालतात.

शिवाय नीट न विरघळलेल्या आगारच्या गाठी, क्षार खाली बसून आलेला धूसरपणा आणि काचेवर आतून जमलेलं पाणी, हेही फसवतं. शंका आली तर बाटलीवर मार्करने आजची तारीख घाला, डागाच्या कडेने काचेवर रेघ मारा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. जिवंत असेल तर रेघ ओलांडेल. मात्र शंकेची बाटली तिथेच रॅकवर ठेवू नका. तिच्यासाठी वेगळा कप्पा हवा, शक्यतो ग्रोथ रूमच्या (बाटल्या वाढायला ठेवतात त्या खोलीच्या) बाहेर.

बघायचं कसं

वरून बघून पुढे जाणं म्हणजे बघणं नव्हे. बाटली उचला, ट्यूबलाइटसमोर तिरकी धरा, मग खालून तळ बघा. जिवाणूंचा दुधी ढग बहुतेक वेळा गुच्छाच्या बुडाशी, मीडियाच्या आत असतो, आणि वरून पानांमुळे झाकला जातो. मागे काळा कागद धरला तर फिकट ढगही उठून दिसतो. भरल्यापासून तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी प्रत्येक बाटली एकदा अशी हातात घेतली पाहिजे, आणि सबकल्चरला (गुच्छ कापून नव्या बाटल्यांत भरायला) नेताना तर नक्कीच.

बुरशी ओळखायला अवघड नाही. पिंजलेल्या कापसासारखी वाढ, मग तिच्यावर रंगीत भुकटी. काळी भुकटी असेल तर बहुधा ॲस्परजिलस, निळसर हिरवी असेल तर पेनिसिलियम. राखाडी, उंच, दोन-तीन दिवसांत बाटली भरून टाकणारी असेल तर म्युकर-ऱ्हायझोपसच्या जातकुळीतली. नारिंगी-गुलाबी भुकटी दिसली तर बाकी कामं सोडा. न्यूरोस्पोरा फार वेगाने वाढते, सैल झाकणाच्या फटीतून बाहेर येते आणि एका बाटलीवरून अख्खा रॅक धरते. त्या बाटलीवर लगेच प्लास्टिक पिशवी चढवा, तोंड बांधा आणि मगच ती हलवा.

यीस्टचे ठिपके गोल, ओलसर, चकचकीत असतात, रंग दुधी किंवा गुलाबी. जिवाणू कधी बुळबुळीत थर करतात, कधी पिवळट थेंब, कधी नुसता दुधी ढग. बॅसिलस गटातले काही जिवाणू मीडियाच्या पृष्ठभागावर सुरकुतलेली, निस्तेज साय धरतात. ही साय लक्षात ठेवा, पुढे स्पिरिटच्या भांड्याशी तिचा संबंध येणार आहे.

वास घेऊन बघायचा मोह होतो. झाकण उघडायचं नाही.

डाग कुठे आहे?

माझ्या मते हा सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे, आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

वाढ गुच्छाच्या बुडापासून, कापलेल्या जागेपासून सुरू झाली असेल तर जंतू रोपाबरोबर आला. इनिशिएशनची (मुनव्यापासून भरलेली पहिली) बाटली असेल तर मुनवा नीट निर्जंतुक झाला नव्हता. पुढच्या टप्प्यातली असेल तर मूळ बाटलीच दूषित होती, किंवा ब्लेड-चिमट्याने आणलं.

रोपापासून दूर, मोकळ्या मीडियावर एखाद-दुसरा सुटा ठिपका असेल तर तो वरून पडला. हवेतून, बाहीवरून, उघड्या बाटलीवरून हात गेला त्यातून.

वाढ काचेच्या कडेने, झाकणाच्या बाजूने खाली उतरत आली असेल तर झाकण सैल आहे, तडकलं आहे किंवा धुताना नीट साफ झालेलं नाही. आणि ठिपके एका वाकड्या रांगेत असतील, जणू कुणी चालत गेलंय, तर खरंच कुणीतरी चालत गेलेलं असतं. कोळी (माइट) किंवा फुलकिडे झाकणाच्या फटीतून आत शिरतात आणि अंगावरचे बुरशीचे बीजाणू पावलागणिक सोडत जातात. ही रांग दिसली की आजूबाजूच्या बाटल्या चांगल्या दिसल्या तरी तो पूर्ण कप्पा काढा, रॅक स्पिरिटने पुसा आणि पॉलिहाऊसमधून ग्रोथ रूममध्ये कोण येतं-जातं ते तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. हार्डनिंगच्या (रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याच्या) शेडमध्ये हात घातलेल्या माणसाने त्याच कपड्यांवर ग्रोथ रूममध्ये पाय ठेवू नये, मग तो मालक का असेना.

मीडियाच्या पोटात, खोलवर, जागोजागी ठिपके असतील आणि रोप न लावलेल्या कोऱ्या बाटल्यांतही तेच दिसत असेल, तर दोष ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाच्या वाफेने मीडिया निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा.

किती दिवसांनी, आणि कुणाकडे?

भरल्यावर दोन-तीन दिवसांत दिसणारे जिवाणू बहुधा हातून, हत्यारातून किंवा मीडियातून आलेले. बुरशी तीन ते सात दिवसांत दिसते. तीन-चार आठवडे स्वच्छ राहिलेली बाटली अचानक बिघडली तर दोनच शक्यता उरतात : बाहेरून नंतर शिरलं, किंवा आतच लपलेलं होतं.

यासाठी प्रत्येक बाटलीवर चार गोष्टी हव्यात : तारीख, मीडियाचा बॅच क्रमांक, भरणाऱ्याचा क्रमांक आणि ती कोणत्या बाटलीपासून झाली तो मूळ क्रमांक. चौथी गोष्ट बऱ्याच लॅबमध्ये लिहीत नाहीत, कारण वेळ जातो. पण ती नसेल तर पुढचं काहीच शोधता येत नाही.

रोज काढलेल्या खराब बाटल्या टेबलावर मांडा आणि गट पाडा. एकाच मीडिया बॅचच्या, पण वेगवेगळ्या लोकांनी भरलेल्या बिघडल्या तर मीडिया. एकाच व्यक्तीच्या, पण वेगवेगळ्या बॅचच्या बिघडल्या तर ती व्यक्ती किंवा तिचं लॅमिनार (गाळलेल्या हवेच्या झोतातलं टेबल). दोन ताईंना एक दिवस टेबल बदलायला सांगा. इन्फेक्शन माणसाबरोबर गेलं की टेबलाशीच राहिलं, ते आठवड्यात कळतं. एकाच व्यक्तीच्या सकाळच्या बाटल्या चांगल्या आणि दुपारनंतरच्या खराब असतील तर स्पिरिट, ग्लास बीड (हत्यारं तापवायचे गरम काचमणी) किंवा थकवा. एकाच कप्प्यातल्या, एसीच्या झोतासमोरच्या किंवा दाराजवळच्या असतील तर खोली. आणि वेगवेगळ्या व्यक्ती, वेगवेगळे मीडिया, पण मूळ बाटली एकच, असं निघालं तर पुढचा भाग नीट वाचा.

एक सूचना सुपरवायझरांसाठी. खराब बाटल्यांच्या आकड्यावरून पगार कापला की बाटल्या खराब व्हायच्या थांबत नाहीत, फक्त लपवल्या जायला लागतात.

लपून बसलेले जिवाणू

केळीच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत जिवाणू राहतात. बाहेरून कितीही धुतलं तरी ते जात नाहीत. एमएस मीडिया रोपासाठी बनलेला आहे. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी तो तंबाखूच्या ऊतींसाठी बांधला. त्यात क्षार आणि साखर आहे, पण अनेक जिवाणूंना लागणारं प्रथिनयुक्त खाद्य नाही, आणि पीएच साधारण ५.८, म्हणजे किंचित आम्ल. त्यामुळे काही जिवाणू त्यात महिनोन्‌महिने दिसेल इतके वाढतच नाहीत. बाटली स्वच्छ दिसते, जिवाणू आत असतो.

अशी एक बाटली कापून चार केल्या, पुढच्या वेळी त्याच्या सोळा, मग चौसष्ट, चौथ्या सबकल्चरला दोनशे छप्पन्न. मग एके दिवशी एसी बंद पडतो, खोली तापते आणि सगळीकडे एकदम दुधी ढग दिसायला लागतात. लोक एसीला दोष देतात.

यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच तपासणी. सबकल्चर करताना गुच्छाच्या बुडाचा जो तुकडा आपण टाकून देतो, तोच न्यूट्रिएंट आगार (जिवाणूंसाठी) आणि पीडीए (बटाट्याचं आगार, बुरशीसाठी) अशा दोन प्लेटवर घासा. शेजारी काहीही न लावलेली एक प्लेट ठेवा, म्हणजे प्लेटच दूषित होती का ते कळेल. २८ ते ३० अंशांवर किमान आठवडाभर ठेवा. काही जिवाणू संथ असतात, त्यामुळे दोन आठवडे पाहिलं तर उत्तम. इनिशिएशननंतर पहिल्या दोन-तीन सबकल्चरमध्ये प्रत्येक लाइनची (एका मुनव्यापासून आलेल्या बाटल्यांची) ही तपासणी झाली तर पुढच्या शेकडो बाटल्या वाचतात. प्लेटचा खर्च परवडत नाही असं सांगणारे भेटतील. त्यांना दोनशे छप्पन्नचा हिशोब दाखवा.

उगम सापडला, आता दुरुस्ती

ऑटोक्लेव्हपासून सुरू करा. १५ पौंड दाबाला १२१ अंश हे गणित फक्त शुद्ध वाफेचं आहे. आत हवा अडकली असेल तर काटा १५ दाखवेल आणि तापमान त्याहून कमी असेल. म्हणून झडप बंद करण्यापूर्वी वाफ सलग, जोरात काही मिनिटं बाहेर येऊ द्या. बाटल्या खच्चून भरू नका, मध्ये वाफेला वाट ठेवा. वेळ मोजायची ती १२१ अंश गाठल्यापासून. लहान बाटल्यांना १५ ते २० मिनिटं पुरतात, लिटरभर मीडियाच्या फ्लास्कला जास्त लागतात. पण घाबरून सगळंच तासभर शिजवू नका. साखर करपते, पीएच घसरतो आणि आगार नीट घट्ट होत नाही. बाटल्यांवर चिकटवलेल्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे निर्जंतुक झालं असंही नव्हे. ती फक्त उष्णता लागल्याचं सांगते. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंच्या पट्टीची. ती भाराच्या मधोमध ठेवा आणि नंतर ५५ ते ६० अंशांवर वाढवून बघा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असेल तर हीटरच्या कॉइलवर क्षार साचतात. कॉइल वेळोवेळी साफ करा.

आणि मीडिया बनला की लगेच वापरू नका. तीन-चार दिवस तसाच ठेवा आणि बघा. ऑटोक्लेव्हची चूक रोप लावण्याआधीच उघडी पडते. या एका सवयीने जेवढ्या बाटल्या वाचतात तेवढ्या कुठल्याच औषधाने वाचत नाहीत.

लॅमिनारचा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो हवेचा झोत अखंड असेल तरच उपयोगाचा. बाटल्यांची भिंत रचून झोत अडवू नका. काम काठापासून वीतभर आत करा. उघड्या तोंडावरून हात नेऊ नका. बोलायचं असेल तर आधी झाकण लावा. प्री-फिल्टर नियमित धुवा. तपासणीसाठी काम चालू असताना लॅमिनारमध्ये एक पीडीए आणि एक न्यूट्रिएंट आगारची प्लेट अर्धा तास उघडी ठेवा, तशीच एक जोडी बाहेर खोलीत. आतल्या प्लेटवर काहीही वाढता कामा नये. यूव्ही दिव्यावर फार भिस्त ठेवू नका. त्याचा प्रकाश सावलीत पोहोचत नाही, आणि जुना दिवा निळा दिसत राहतो पण त्याचं बळ गेलेलं असतं. तो चालू असताना समोर बसायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

लाइट गेली तर? उघड्या बाटल्या लगेच झाका आणि थांबा. लाइट आल्यावर पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, टेबल पुसा, मग पुन्हा सुरुवात. "एवढे चारच गुच्छ राहिलेत" म्हणून बंद लॅमिनारमध्ये काम उरकणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि सात दिवसांनी त्याच चार बाटल्या ट्रॉलीवर येतात.

आता ती सुरकुतलेली साय. बॅसिलसचे बीजाणू स्पिरिटमध्ये मरत नाहीत. चिमटा दिवसभर एकाच भांड्यात बुडवला तर ते भांडंच जंतू वाटायला लागतं. प्रत्येक पाळीला स्पिरिट बदला, भांडं धुऊन निर्जंतुक करा, आणि हत्यार दर वेळी ज्योतीवर किंवा साधारण २५० अंशांच्या ग्लास बीडमध्ये पुरेसं तापवा. दोन-तीन संच ठेवले तर एक निवेपर्यंत दुसरा वापरता येतो. तापलेला चिमटा स्पिरिटमध्ये घालू नका, भडका उडतो. हाताला स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत ज्योतीजवळ जाऊ नका. पुसायला ७० टक्के स्पिरिट घ्या, ते निव्वळ स्पिरिटपेक्षा जास्त मारतं.

खानदेशातलं हवामान

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. ग्रोथ रूम २५ अंशांच्या आसपास ठेवायची असते. एसी बंद-चालू झाला की बाटलीतली हवा फुगते, आकसते, आणि आकसताना झाकणातून बाहेरची हवा आत ओढते. त्या हवेत धूळ असली तर तीही आत जाते. म्हणून मे महिन्यात जनरेटरइतकंच महत्त्व दाराच्या रबराला आणि खिडकीच्या फटीला द्या. त्यात आखाजी आली की अर्ध्या मुली माहेरी जातात, टेबलावर नवे हात बसतात. त्या आठवड्यात नव्यांना इनिशिएशन किंवा मूळ लाइन देऊ नका, रूटिंगच्या बाटल्या द्या.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा. ओल, भिंतीवरची बुरशी, ओल्या चपला, डोक्यात गजरा. कानबाईच्या दिवसांत गजरा काढायला सांगणं अवघड जातं, पण ट्रान्सफर रूमच्या (जिथे लॅमिनारवर बाटल्या भरतात त्या खोलीच्या) बाहेर त्यासाठी एक ताटली ठेवली तर कुणी नाही म्हणत नाही. एसीच्या जाळ्या या काळात जास्त वेळा धुवा. पुढे कापूस वेचणीला आला की बारीक तंतू आणि धूळ हवेत राहते, तेव्हा प्री-फिल्टर लवकर भरतो.

खराब बाटल्यांचं काय करायचं

न उघडता ऑटोक्लेव्ह. मीडियाच्या भाराबरोबर नव्हे, वेगळ्या फेरीत, १२१ अंशांवर ३० ते ४५ मिनिटं. झाकण ऑटोक्लेव्हच्या आत ठेवतानाच किंचित सैल करा, नाहीतर बाटली फुटते. त्यानंतरच धुण्याच्या खोलीत उघडा. ही खोली ट्रान्सफर रूमला लागून नसावी. खराब बाटल्या दिवसाच्या सुरुवातीला काढायची पद्धत आहे, पण मग तोच माणूस लगेच लॅमिनारवर बसता कामा नये. काढणारा वेगळा ठेवा, किंवा हे काम दिवसाच्या शेवटी करा.

एका कोपऱ्यात बुरशी आहे, दुसऱ्या बाजूचे गुच्छ हिरवेगार आहेत, ते वाचवू का? नाही. झाकण उघडताच बीजाणू लॅमिनारभर उडतात. एखादी दुर्मिळ मूळ लाइन असेल आणि दुसरी प्रत नसेल तरच प्रयत्न करा. तोही दिवसाच्या शेवटी, शेवटच्या टेबलावर. अगदी बारीक टोक घ्या, पुन्हा हायपोक्लोराइटने निर्जंतुक करा, वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि प्लेटवर तपासल्याशिवाय परत मिसळू नका. काही ठिकाणी अजून मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते पाऱ्याचं विष आहे, त्याचं पाणी मोरीत सोडायचं नाही.

अँटिबायोटिकबद्दल विचारणारे खूप. सेफोटॅक्सिम, स्ट्रेप्टोमायसिन मीडियात घातलं की ढग दिसेनासा होतो. जिवाणू बहुधा मेलेला नसतो, दबलेला असतो, आणि औषध काढल्यावर परत येतो. रोपाची वाढही मंदावते. मूळ लाइन वाचवताना, थोड्या काळासाठी, तपासणीसह वापरा. रोजच्या मीडियात घालून ठेवणं म्हणजे लॅबला आंधळं करणं.

विषाणू तर बाटलीत दिसतच नाही. कुकुंबर मोझॅक, ज्याला आपले शेतकरी हरण्या म्हणतात, किंवा पर्णगुच्छाचा विषाणू असलेलं रोप स्वच्छ बाटलीत हिरवंगार वाढतं. त्यासाठी मातृझाडाची आणि साठ्याची एलायझा किंवा पीसीआर तपासणीच लागते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू रोपांसाठीची प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे, आणि तिचा भर याच तपासणीवर आहे. विद्यापीठात प्राण्यांच्या पेशी वाढवणाऱ्यांचा असाच न दिसणारा शत्रू मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू. त्याला पेशीभित्तिका नाही म्हणून पेनिसिलिन चालत नाही, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो, आणि मीडिया गढूळ होत नाही. तिथेही पीसीआर किंवा डीएनए रंगवून बघणं हाच मार्ग.

न उघडण्याच्या नियमाला एक अपवाद : रूटिंग पूर्ण झालेल्या बाटलीत बुडाशी फिकट दुधी ढग असेल, बुरशी नसेल आणि रोप जोमदार असेल, तर ती रोपं थेट हार्डनिंगला नेता येतात. बाटली धुण्याच्या खोलीत उघडा, मुळांवरचा आगार वाहत्या पाण्याखाली पूर्ण काढा, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवा आणि कोकोपीटच्या वेगळ्या ट्रेमध्ये लावा. ट्रेवर मूळ बाटलीचा क्रमांक लिहा. त्या मूळ क्रमांकाच्या ज्या बाटल्या अजून मल्टिप्लिकेशनमध्ये (संख्या वाढवण्याच्या टप्प्यात) आहेत, त्या त्याच दिवशी शोधून तपासणीला काढा.